व्याह्यांकडून नकार पाहिजे

सोमवार, ३ नोव्हेंबर

बेकारी भत्त्याच्या ऑफिसात हजेरी. मॅडमनी याही खेपेला कागद परत केले. पंधरवड्यात तीन ठिकाणी काम मागितलं, हे त्यांना मान्य. पण तिन्ही ठिकाणी काम नाही मिळालं, याचा पुरावा कुठाय? "काका, नकार लेखी हवा. सही, शिक्का." पुण्याकडची पोर. आवाज गोड, पण जागची हलत नाही. पुढच्या सोमवारी या म्हणाली.

आता गोंदियात लेखी नकार कोण देतो? मिलांवर नवा धान यायला लागलाय. हंगामाच्या तोंडावर दारात आलेल्या माणसाला "नाही" लिहून देणं मालकांना अपशकुनासारखं वाटतं. सगळ्यांचं एकच, "पाहू न जी, या पुढच्या हप्त्यात." वर चहा पाजतात. चहाची पावती मॅडम घेत नाहीत.

आमची मिल मालकाच्या पोरांनी बंद केली आणि ते रायपूरला प्लॉटच्या धंद्यात गेले. उष्णा तांदळाचं सगळं खातं माझ्याकडे होतं, धान भिजवण्या-उकळण्यापासून वाळवण्यापर्यंत. आता घरी बसून सुमनला कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते सांगतो.

भत्ता जानेवारीपर्यंत तरी टिकायला हवा. जानेवारीत प्रीती बाळंतपणाला येणार. लेकीचं पहिलं बाळंतपण, ते माहेरी, बापाच्या पैशात. यात माझ्याकडून कमी पडलं तर...

गुरुवार, ६

सकाळी घरून, नागऱ्याहून स्कूटर काढली. कुडव्यात हार्डवेअरवाला: "भैया, कंप्यूटर पे हिसाब आता है?" नही आता. "तो फिर..." मी लगेच कागद पुढे केला, हेच लिहून द्या म्हटलं. त्याला वाटलं मी कुठल्या तरी खात्याचा, तपासणीला आलोय. हात जोडून रस्त्यापर्यंत पोचवायला आला.

वॉचमन पुरवणारा ठेकेदार: पाठ ताठ करून उभं केलं, चालून दाखवायला लावलं. नवरी पाहायला आल्यासारखं. मग "फोन करतो".

शेवटी एका पीठगिरणीवाल्याने नकार दिला. अगदी खुशीने दिला. "वय जास्त. काम झेपणार नाही." खाली शिक्का. जे मागत फिरत होतो तेच मिळालं, तरी रस्त्यात थांबून दोनदा वाचलं आणि डोकं भणभणलं. झेपणार नाही म्हणे! तुझ्या गिरणीत झेपायचं काय आहे लेका?

सुमनला दाखवलं नाही.

सोमवार, १०

मॅडमनी गिरणीचा कागद घेतला. बाकीच्या दोघांना स्वतःच फोन लावून विचारलं आणि लिहून टाकलं. मनाने वाईट नाही पोर. मी उठणार तेवढ्यात कॉम्प्युटरकडे पाहून म्हणाली, "काका, नशीब काढलंत! तुमच्याच कामाची जागा आलीय."

उष्णा खात्याचा सुपरवायझर, तिरोडा रोड. मिलचं नाव वाचलं. व्याह्यांची मिल. प्रीतीच्या सासऱ्यांची.

"मॅडम, तिथं मी नाही जाऊ शकत."

"कारण?"

"पोरीचं सासर आहे ते."

"मग बरंच की! ओळखीचेच आहेत."

तिला काय सांगू? पोरीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा आम्ही पीत नाही. माझ्या बापाने पाळलं, मी पाळतो. भेटायला जातो तेव्हा डिक्कीत पाण्याची बाटली असते. आणि तिथेच जाऊन पगार घेऊ? मॅडमनी स्क्रीन वळवून कारणांची यादी दाखवली. आजारपण, अंतर जास्त, पगार कमी. पोरीचं सासर त्यात नाही.

पुढच्या सोमवारच्या आत जाऊन कागद भरून आणायचा. त्यांनी घेतो म्हटलं आणि मी नाही म्हटलं, तर भत्ता बंद.

मंगळवार, ११

सुमनला सांगितलं. ती भाजी चिरत होती, वर पाहिलंही नाही.

"मंग जा न. काम तं काम आहे. काऊन घाबरता?"

"त्याईच्या पैशानं त्याईच्याच सुनेचं बाळंतपन करू काय?"

यावर विळी बाजूला सारली. मग म्हणाली, "पोरीले तरी विचारून पाहा." खबरदार म्हटलं. पोरीला यात ओढायचं नाही. दिवाळीत व्याह्यांना सांगून आलोय, दोन ठिकाणी कामाची बोलणी चालू आहेत म्हणून. बोलणी चालूच आहेत म्हणा. संपतच नाहीत.

जेवताना दोघंही तोंड फुगवून. वरणात मीठ नव्हतं. तसंच जेवलो.

बुधवार, १२

आंघोळ करताना सुचलं. व्याह्यांनीच नकार लिहून दिला तर? "जागा भरली." दोन शब्द. माझा भत्ता चालू, त्यांची मिल चालू, मान दोघांची शाबूत. समजूतदार माणूस आहे, एवढं ऐकेल. अख्ख्या जिल्ह्यात मला ज्याचा नकार मनापासून हवाय असा तो एकटाच.

उद्या नको. शुक्रवारी जातो.

शुक्रवार, १४

जाऊन आलो. 

मिल आणि घर एकाच आवारात. मुनीम नवा, त्याने मला ओळखलं नाही. कागद पाहून "बसा तिकडं" म्हणाला. हमालांच्या बाकावर बसलो. व्याही आतून आले, मला पाहून गडबडलेच. "इवाईबुवा! इथं काऊन बसले जी?" मुनीमवर ओरडले, खुर्ची आणवली, पंखा माझ्याकडे फिरवला. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि कागद दिला. नाही लिहा म्हटलं.

वाचता वाचता त्यांचं तोंड उतरलं.

"तुमाले नाई म्हनू? पोरगी देल्ली तुमी आमाले. सोयऱ्याले दारातून वापस पाठवलं, असं शिक्का मारून देऊ?"

"कागदापुरतंच आहे जी."

"कागदच तं राहते न मांगं."

मग चष्मा लावून स्वतःच्या हाताने लिहिलं, "घेण्यास तयार". शिक्का असा मारला की टेबल हललं. म्हणाले, "मले मानूस पाहिजेच आहे, खोटं नाई सांगत. बाकी तुमचं तुमी पाहा." चांगल्या मनानेच केलं त्यांनी. पण फास माझ्याच गळ्यात बसला.

प्रीती फाटकापर्यंत आली. पोट दिसायला लागलंय. चेहरा मात्र सुकलेला. काऊन आले होते बाबा, म्हणाली. सांगून टाकलं, लपवून काय होणार. वाटलं, चिडेल. चार लोकांत लाजवता म्हणेल. तिने मागे घराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हो म्हना न बाबा. रोज दिसाल तरी."

एवढंच. आतून हाक आली, गेली.

शनिवार, १५

सुमनने विचारलं, पोर काय म्हणाली? बरी आहे, सांगितलं.

बरी असलेली पोर असं म्हणते? पहिलटकरीण आहे, माहेर आठवत असेल. असेल. लग्नाला वर्ष होऊन गेलं. दर खेपेला मी बाटली घेऊन जातो, खुर्चीच्या टोकावर बसतो, अर्ध्या तासात परत. आपला मान सांभाळण्यात पोरीच्या तोंडाकडे नीट पाहायचंच राहिलं. स्वतःचाच राग येतोय, फार.

पण दुसरी बाजू पण आहेच. मी तिथे पगारी माणूस झालो, तर माझी पोर त्या घरात कोण? नोकराची पोर. उद्या उष्णा तांदूळ पिवळा पडला, तर मला बोलतील आणि ती आतून ऐकेल. आणि नाही म्हटलं, तर भत्ता गेला आणि जानेवारी आलाच.

सुमनला सगळं सांगायला हवं होतं. तोंडाशी येऊन...

सोमवार, १७

हे ऑफिसच्या बाकावर बसून लिहितोय. कागदावर व्याह्यांचं अक्षर, त्याखाली "उमेदवाराचे उत्तर". तेवढं कोरं. मॅडमनी दारातूनच विचारलं, "काय काका, हो ना?" एक फोन करून सांगतो म्हटलं.

प्रीतीला फोन लावला. आजवर जे विचारलं नाही ते विचारलं. "तुले तिथं बरं आहे न बाई? खरं सांग."

 मग अगदी खालच्या आवाजात, "बाबा, इथं सारे बसून आहेत आता." आणि लगेच मोठ्याने, दुसऱ्याच कोणाचा असावा अशा आवाजात, "हो हो, जेवली मी. आईले सांगा."

फोन ठेवला तिने. जेवणाचं मी विचारलंच नव्हतं.

आतून माझं नाव पुकारताहेत.