कापलेले तीन सेकंद

१ सप्टेंबर

आले एकदाची! स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप आणि दारावर माझ्या नावाची पाटी. रंग ओला आहे का म्हणून बोट लावून बघितलं, तर बोट निळं झालं. नावाखाली लिहिलंय, ‘चित्रफीत विभाग’. विभाग म्हणजे मी, दोन संगणक आणि एक चाक तुटलेली खुर्ची.

मला इथे मामाने आणलं. या वैद्यकीय कॉलेजातला तो सगळ्यात मोठा सर्जन. जिन्यात तो दिसला की लोक भिंतीला चिकटून वाट देतात. आई मात्र आपल्या या धाकट्या भावाला अजून बाळ्याच म्हणते आणि त्याला कडेवर घेऊन फिरवल्याचं चारचौघांत सांगते. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तेव्हापासून शाळेचा फॉर्म असो की सायकलची पंक्चर, धावून येणारा मामाच. माझा पाय एका जागी ठरत नाही म्हणून मला भिंगरी म्हणतो. आता बसवलंच त्याने एका जागी!

काम झकास आहे. भिंतीपलीकडे ऑपरेशन थिएटर. तिथल्या दिव्यात बसवलेला कॅमेरा माझ्या खोलीतून चालतो. टेबलावर काय चाललंय ते मला पडद्यावर दिसतं आणि वरच्या सभागृहात मुलांनाही. मग दोन तासांतून सात मिनिटांचा धडा कापायचा. पूर्वी म्हणे चाळीस मुलं माना उंच करून उभी राहायची आणि त्यांना दिसायची फक्त पुढच्याची टोपी. आता गाठ कशी मारायची ते दहादा बघतात, मग हात चालवतात.

माझी जुनी सवय इथेही कामी येतेय. डोळे पडद्यावर, हात वहीत. न बघता लिहिते, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतं, पण काही सुटत नाही. त्यासाठी आणलेली वही आणि ही रोजनिशी एकच. दोन वह्या सांभाळणं आपल्याच्याने होत नाही बुवा.

५ सप्टेंबर

पहिलं ऑपरेशन बघताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. मोठ्या सिस्टरांनी पाणी दिलं. त्या थिएटरच्या मुख्य. कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे सगळं तीनदा मोजतात, आणि बोलतात अगदी तोलून मापून. म्हणाल्या, सवय होते, सगळ्याचीच होते.

आमच्या कॉलेजाचं नाव आहे ते ‘चुकांच्या धड्यां’साठी. बरोबर ऑपरेशन कुणीही दाखवतो. इथे चूक झाली तर कशी दिसते आणि ती कशी सावरायची, हे दाखवतात. मामाचं म्हणणं, बरोबर काय ते पुस्तकात सापडतं, चूक मात्र डोळ्यांनी बघावी लागते. त्याने मला सांगितलं, कोणत्या चुकांचे धडे आपल्याकडे नाहीत ते शोध. मी दोन दिवस सगळं कपाट पालथं घातलं आणि माझ्या सुवाच्य (हो, ठरवलं तर येतं) अक्षरात सहा चुकांची यादी केली. मामाने पाठ थोपटली आणि यादी थिएटरच्या भिंतीवर डकवली. केवढी मिरवले मी दिवसभर!

९ सप्टेंबर

चार दिवसांत यादीतल्या दोन चुकांवर खूण झाली. मागावं आणि हातात पडावं! धडे असे स्वच्छ की कापायला काही उरतच नाही. चुकीच्या आधी मामाचा हात थोडा थबकतो, तेवढे तीन सेकंद मी कापते. मुलांना कंटाळा नको.

रविवारी आई आली होती. जेवताना मामाने सहज तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाला की ताई, ही गाठ काढून टाकू. ती गाठ दहा वर्षं आहे, वाटाण्याएवढी, आणि आमच्या डॉक्टरांनी तिला हात लावू नका म्हणून सांगितलंय. पण बाळ्या म्हणतो म्हटल्यावर आईपुढे ब्रह्मदेव आला तरी काय चालणार! म्हणाली, गळा काप पण बोलणं बंद करू नकोस, नाहीतर ही पोरगी मोकाट सुटेल. आम्ही तिघं पोट धरून हसलो. तारीख ठरली, बावीस.

१४ सप्टेंबर

पाचवी खूण. या खेपेचा रोगी वाचला नाही.

मला एक गोष्ट सारखी टोचतेय. इथे येण्याआधी चार वर्षं मी लग्नाचे व्हिडिओ कापले. अवचित काही झालं की कॅमेऱ्यात ते कधीच नीट येत नाही. नवरदेव पाय घसरून पडला, तेव्हा माझ्या हाती काय आलं, तर कुणाच्यातरी काकूंचा अंबाडा. चूक सांगून येत नाही. मग या चुका इतक्या नीट कशा दिसतात?

कापलेले तुकडे कचऱ्यातून परत काढले. ओळीने लावले. पाचही ठिकाणी तेच. दिवा नीट वळतो. कापसाचा बोळा बाजूला होतो. कॅमेऱ्याच्या आड येऊ नये म्हणून मामाचा डावा हात उचलला जातो. एक, दोन, तीन. मग चूक.

आणि ते तीन सेकंद मीच कापत होते. माझ्या या हातांनी.

१५ सप्टेंबर

माझंच काहीतरी चुकत असेल म्हणून जुने धडे काढले. सगळ्यात जुना, पहिला. पोटातला रक्तस्राव कसा थांबवायचा. प्रत्येक तुकडी त्याच धड्याने सुरुवात करते. चित्र धूसर आहे. हिरव्या कापडाच्या चौकोनात पोट, आणि बेंबीच्या उजवीकडे कोयरीसारखा जुना व्रण.

लहानपणी बाबा फाटकावरून पडले होते, त्याचा व्रण. मी त्यावर बोट फिरवत झोपायचे.

बाबांचं ऑपरेशन मामानेच केलं होतं. आम्हाला सांगितलं होतं, ऑपरेशन छान झालं, पण हृदय थांबलं. सांगताना मामा माझ्या गळ्यात पडून रडला होता.

दिवा वळतो. बोळा बाजूला. डावा हात वर. एक, दोन, तीन.

१६ सप्टेंबर

मामाला विचारलं. वाटलं, ओरडेल, नाही म्हणेल. त्याने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, बहुतेक जण वाचतात, मी सावरतो. तुझे बाबा वाचले नाहीत, त्याचं दुःख मला आहे. पण तो धडा बघून दोन हजार मुलं शिकली, त्यांच्या हातून किती जीव वाचले ते मोज.

मी विचारलं, बाबाच का. तो म्हणाला, घरच्या माणसाची तक्रार कोण करतं?

ज्या हाताने मला घास भरवले तो हात टेबलावर होता. मी तो बघत बसले.

यादीत आता एकच ओळ उरलीय. सहावी. माझ्याच अक्षरात. ‘गळ्याच्या ऑपरेशनात आवाजाची नस कापली जाणे.’

१८ सप्टेंबर

प्राचार्यांना तुकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, काय सुरेख दिसतंय हो! परत आले तर संगणकावर एकही तुकडा नाही. पहिला धडा तेवढा जागेवर आहे. चुकीआधीचे तीन सेकंद सोडून.

मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्यांनी दार लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तू तुझं काम कर, मी माझं करते. बोळे मोजायला लागल्या. म्हणजे त्यांनाही —

२० सप्टेंबर

आईला सगळं सांगितलं. बाबांचं, यादीचं. तिच्या पाया पडले, चल, आत्ताच्या आत्ता घरी जाऊ. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला. म्हणाली, मी माझ्या ताटातलं देऊन वाढवलंय त्याला, तो असं करेल? वेडे, झोप नीट घेत जा.

आणि लगेच त्याला फोन. माझ्यासमोर. हसत हसत सांगितलं, बाळ्या, तुझी भाची बघ काय म्हणतेय.

आई गं. तूसुद्धा.

२१ सप्टेंबर

पोलिसांनी पुरावा मागितला. माझ्याकडे फक्त ही वही आहे.

आईचा चार वेळा फोन. सारखं बोलतेय. मी नुसती ऐकतेय.

२२ सप्टेंबर, सकाळी ९.४०

आई टेबलावर. आत जाताना कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. मला.

वर सभागृह भरलंय. थिएटरचं दार आतून बंद, लाथा मारल्या.

१०.१५. गळा उघडला. गाठ दिसतेय.

१०.२२. मी कॅमेरा बंद केला. कॅमेरा नाही तर धडा नाही. धडा नाही तर चूकही नाही. बरोबर ना? बरोबरच आहे —

१०.२४. भिंतीवरच्या स्पीकरवर मामा. शांत. म्हणतो, भिंगरी, चित्र गेलंय. मी थांबलोय, चित्र आल्याशिवाय हात लावणार नाही.

१०.३१. थांबलाच आहे. गळा उघडा. भूल देणारे म्हणतायत, किती वेळ ठेवायचं असं.

१०.३६. मी माइकवरून ओरडले, रडले. तो म्हणाला, चालू कर, नीट करतो. ताईची शपथ. माझ्या ताईची शपथ, भिंगरी.

आईची खोटी शपथ तो कधी — लहानपणापासून एकदाही —

१०.३८. चालू केला.

काम करतोय. हळू, नीट. गाठ सुटतेय. मोठ्या सिस्टरांनी मान खाली घातलीय. का?

दिवा वळला.

नाही. मामा नाही. शपथ —

बोळा बाजूला

डावा हात

एक

दोन

आई बोल ना आई काहीतरी बो