आवाज खाली घेतला

आबा, माझ्या गाण्याला लोकांनी नावं ठेवली आणि त्यात थोडा तुमचाही हात आहे, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मधे काय काय बदललं ते आधी सांगायला हवं. आता गाणं रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागत नाही. सांगलीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत एक लॅपटॉप, एक माइक आणि माझी गिटार, एवढ्यावर भागतं. खिडकीला गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा, खालून सिटी बस गेली की थांबायचं आणि पुन्हा गायचं. ड्रम साताऱ्याचा माझा दोस्त वाजवतो. तो त्याच्या घरी वाजवून पाठवतो, मी इथं सगळं एकत्र करतो. कुठलं वाद्य किती मोठं, गाणाऱ्याचा आवाज किती पुढं, किती मागं, हे जुळवण्याला मिक्सिंग म्हणतात. ते मला चांगलं जमतं. बढाई मारत नाही, रॉक गाण्यात गिटार कशी बसवायची हे मला खरोखरच कळतं.

हे गाणं कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी एकट्याच बसलेल्या माणसाचं आहे. बराच वेळ तो स्वतःशीच बोलतो आणि मग शेवटी गिटार आणि ड्रम उसळून येतात. मिक्स झालं, मला झकास वाटलं, आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे त्यावर मी ते टाकलं. तिथं अनोळखी माणसं एकमेकांची गाणी ऐकतात आणि काय चुकलं ते तोंडावर सांगतात. झाडून सगळ्यांनी एकच सांगितलं. आवाज फार वर आहे, कानात टोचतो, गिटार ऐकूच येत नाही. एकानं लिहिलं, गायक माझ्या डोक्यावर उभा राहून गातोय. मी म्हटलं, यांचे हेडफोन भिकार असणार. मग बायकोला ऐकवलं. ती कधी माझ्या गाण्याला वाकडं बोलत नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अहो, गाणं तर शांत आहे. मग एवढं कुणावर ओरडताय?"

तरी मी हटलो नाही. रविवारी सकाळी लॅपटॉप पाठीला लावून साताऱ्याची एसटी पकडली. म्हटलं, दोस्ताकडचे मोठे स्पीकर काय ते ठरवतील. त्यानं चहा ठेवला, गाणं लावलं आणि पहिलं कडवं संपायच्या आत बंद केलं. "गड्या, हा माणूस एकटा बसलाय म्हणतोस ना? मग पलीकडच्या काठावर कुणाला हाका मारतोय? बहिऱ्याला ऐकवतोयस काय?" मी काहीतरी फटकळ बोलणार होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "हे असंच बाहेर सोडणार असशील तर माझं नाव काढ त्यावरनं. चेष्टा करत न्हाई मी." कॉलेजपासून आम्ही एकत्र वाजवतोय, आबा. त्याच्याशिवाय या गाण्याला माझ्या लेखी काही अर्थच नव्हता. मला राग आला होता, उत्तरही तयार होतं, पण 'बहिऱ्याला' हा शब्द डोक्यात अडकून बसला आणि मला आपल्या कुंडल गावच्या घरातलं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

फळीवर रेडिओ आहे. तुम्ही तोफखान्यातून पेन्शनवर घरी आलाय. डावा कान पार गेलाय, उजव्याला जाड आवाज कळतो, पण बारीक आवाज पोचत नाहीत. स, श, च ही अक्षरं तोफांनी नेली ती नेलीच. म्हणून रेडिओचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं, सूर धारदार करायचं बटणही शेवटपर्यंत पिळलेलं, आणि दोन्हींना कुणी हात लावायचा नाही. आई चुलीपुढनं ओरडते, "आवं, आमटीत मीठ हाय का बघा!" आणि आपल्या आमटीची काळजी सगळ्या गल्लीला लागते. परीक्षेच्या दिवसांत मी एकदा रेडिओ बारीक केला, तर तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "कुणी नरडं दाबलं रं त्येचं?" मी म्हटलं, आबा, अभ्यास करतोय. तुम्ही म्हणालात, "अभ्यास डोळ्यानं करत्यात. माज्या कानाला जरा जगू दे की." मी बटण होतं तिथं नेलं. सांगलीहून तुम्ही मला गिटार आणलीत तेव्हा मी वाजवत होतो आणि तुम्ही तिच्या लाकडावर पंजा ठेवून बसला होता. "वाजतंय की! हाताला लागतंय. आता म्हण. पर त्वांड माज्याकडं करून म्हण." मी तुमच्याकडं तोंड केलं, एकेक अक्षर चावून, सगळी ताकद लावून म्हटलं, आणि तुमचा चेहरा फुलला. मी गायला शिकलो तो असा. चांगला आवाज म्हणजे आबांना कळेल तो आवाज, याच्यापलीकडं दुसरं माप आपल्या घरात नव्हतंच.

हे सगळं दोस्ताला सांगितलं. तो चहाचा कप फिरवत राहिला आणि मग म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे तसंच. आबांसाठी म्हणून सोडू." मनाचा मोठा आहे तो. पण मी म्हटलं, नको, गाणं चुकलंय. दुपारी त्याच्याच खोलीत आवाज पुन्हा रेकॉर्ड केला. माइकला तोंड जवळजवळ टेकवलं आणि शेजारी बसलेल्यालाही जेमतेम कळेल इतकं हळू गायलो. पहिल्यांदा जीभ ऐकेना, स आणि च आले की आपोआप चावायची. नंतर जमलं. मग आवाज खाली घेतला, त्याची धार काढली, आणि इतके दिवस मागं दबलेली गिटार मोकळी झाली. दोस्त म्हणाला, "आत्ता बसलाय हा माणूस घाटावर." ग्रुपवरही लोकांनी वाखाणलं. एकानं ड्रमबद्दल कुरकुर केली, पण त्याला काही कळत नाही.

गाणं चांगलं झालंय, आबा. इतकं चांगलं मी आजवर केलेलं नाही. तुम्ही समोर बसला असता तर त्यातलं एक अक्षरही तुम्हाला लागलं नसतं. याचं वाईट वाटतंय का, म्हणून मी स्वतःला दोन-तीनदा विचारून पाहिलं. वाटत नाही. तुमची आठवण येते, पण वाईट वाटत नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. तुम्ही होता तोवर मी घरात कधी हळू बोललोच नाही, आणि मी त्यानं किती दमलो होतो हे मला त्या दुपारी हळू गाताना कळलं. तुम्हाला हे सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते मला कधीच जमलं नसतं.