एकच वाक्य आणि पुढे सरका

कॅरिगबेग, गॉलवे
मंगळवार, जेवणं उरकल्यावर

आदरणीय सबीनावन्सं,

तुम्हाला, तुमच्या नव्या खुब्याला आणि त्या खुब्यावर हक्काने झोपणाऱ्या बोक्याला माझा मनापासून नमस्कार. बर्मिंगहॅमची थंडी ओसरली असेल, जिना चढता येत असेल आणि शेजारच्या बाईंनी तुमची कात्री एकदाची परत केली असेल, असं धरून चालते. माझं म्हणाल तर बरं चाललंय. रक्तदाब डॉक्टरांना आवडेल इतका आहे, छप्पर गळत नाही, आणि फेस्टीच्या थडग्याभोवतीचं गवत मी दर रविवारी स्वतः कापते. तुमचा भाऊ जन्मभर दाढी करायला कंटाळला. पण आता मी त्याला गबाळा राहू देत नाही.

गेल्या पत्रात तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, की माझ्या घरी राहायला आलेली परदेशी मुलगी मॅटी लिडनची चोरून झालेली लेक आहे, हे खरं का. (बातमी तुमच्यापर्यंत कशी पोचली ते मला ठाऊक आहे. आमच्या बेकरीवालीची बहीण तुमच्या चर्चमध्ये येते.) तर वन्सं, ती मॅटीची कोणीही नाही. ती इथे इंग्रजी शिकायला आली. आणि शिकवलं मी, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे नम्रपणे लिहायला मोकळी.

मुलीचं नाव नेरेआ. वय एकोणीस, बिल्बाओजवळची, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तिच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षापासून सगळं इंग्रजीतून शिकवतात, आणि इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत पास झाल्याचा दाखला वेळेत दिला नाही तर तिची जागा दुसऱ्याला. म्हणून आईबापांनी तिला दहा आठवड्यांसाठी आमच्या गावच्या वर्गाला धाडली (तोच तो, गालिच्यांच्या दुकानाच्या माडीवरचा). पहिल्याच दिवशी परीक्षा झाली. लेखीत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. मग शिक्षिकेने, मिस क्लोडाने, तोंडी नाव विचारलं, तर पोरगी बिटासारखी लाल झाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिला सगळ्यात खालच्या वर्गात बसवलं, जिथे अजून 'हे सफरचंद आहे' चाललं होतं. माझ्याकडेही तेच. पहिले चार दिवस नुसतं 'हो', 'नको' आणि 'थँक्यू'. पाचव्या दिवशी जेवताना ती 'मीठ' म्हणाली, तेव्हा मी रेडिओ बंद करून तिचं अभिनंदन केलं. ते चुकलंच. त्यानंतर आठवडाभर तिने अळणी खाल्लं.

तुम्ही म्हणाल, डिम्फनाने या भानगडीत पडावंच कशाला. पण माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि पुढचं सगळं मी वाचनालयाच्या गाडीतून मिळवलं. कोणी न शिकवता माणूस कसा शिकतो, हे मला मिस क्लोडापेक्षा जास्त कळतं. (फेस्टी टपाल वाटून आला की सायकल भिंतीला टेकवून आधी विचारायचा, "आजचा शब्द?" मी शब्द सांगायची आणि तो दुसऱ्या दिवशी एकशे बारा दारांत वापरून यायचा. या गावातला अर्धा शब्दसंग्रह माझ्या स्वयंपाकघरातून गेलेला आहे.) शब्द घरात बसून पाठ होत असेल, पण जिभेवर बसायला त्याला दारोदार हिंडवावं लागतं.

मिस क्लोडाचंही तेच मत असावं, कारण तिने गृहपाठ दिला की दर आठवड्याला दहा अनोळखी माणसांशी बोलायचं आणि वहीत प्रत्येकाचं नाव आणि तो काय म्हणाला ते लिहायचं. नेरेआने पहिल्याच आठवड्यात दहा नावं लिहून नेली. मिस क्लोडाने वही वाचली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "चौथे माझे आजोबा आहेत. काय म्हणाले?" पोरीने वर्गाच्या वाटेवरच्या कब्रस्तानातून नावं उतरवली होती! रडत घरी आली आणि बॅग भरायला लागली. तिचं म्हणणं (हातवारे करून) असं, की आपल्याला हे जमणार नाही, कॉलेजची जागा गेल्यातच जमा आहे, तर आत्ताच परत जाते.

तेव्हा रेडिओवर निधनवार्ता लागल्या होत्या. मी चहा गाळायची थांबले आणि मला एकदम वाट दिसली. मी म्हटलं, पोरी, मेलेल्या माणसांकडेच जायचं असेल तर ताज्यांकडे जा. तिथे सभोवती जिवंत माणसं असतात. आणि या देशात मयताला आलेल्या माणसाला, तू कोण, कशाला आलीस, असं कोणी विचारत नाही. मयत ठेवायची गावात एकच जागा आहे, तिथे रांगेत उभं राहायचं. पेटीजवळ घरची माणसं ओळीने खुर्च्यांवर बसलेली असतात, त्यांच्यापुढून जायचं. हात पुढे करायचा, "फार वाईट झालं हो" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. एकच वाक्य, मागे लोक खोळंबलेले असतात. मग बाजूच्या खोलीत चहा आणि सँडविच. तिथे म्हाताऱ्या बायका आपणहून बोलतात, आपण नुसतं 'अगदी, अगदी' म्हणायचं. दहाच काय, तासात तीस माणसं होतील.

शिवाय कामाला काम झालं. फेस्टीच्या वेळी जे आले त्यांच्या घरच्या वेळी आपल्याकडून कोणीतरी जायलाच हवं. म्हणून मी तिला दर वेळी बजावून पाठवायची, की हात दिलास की सांग, "पोस्टमन फेस्टीच्या घरून आले." (मी स्वतः गेले नाही. एकदा पाठ धरली होती, एकदा चुलीवर जॅम होता आणि एकदा पाऊस होता.)

पाच आठवड्यांत तिने सहा मयतं केली. सातव्या मयताच्या दिवशी सकाळी मी उठण्याआधीच ती रेडिओ लावून वही घेऊन बसलेली. मिस क्लोडाने एकदा मला रस्त्यात गाठलं. म्हणाली, मुलगी बोलायला लागली हे खरं, पण काय बोलते ते ऐका. वर्गातल्या ब्राझीलच्या मुलाचा फोन समुद्रात पडला, तर नेरेआ उठली, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "फार वाईट झालं हो. शेवटपर्यंत शुद्धीवर होता का?" मी मिस क्लोडाला म्हटलं, उच्चार कसे होते? ती म्हणाली, उच्चार उत्तम होते. मग झालं तर.

आता मॅटी लिडन. सातवं मयत त्याचंच. एक्क्याऐंशी वर्षांचा, बिनलग्नाचा, तरुणपणी दोन वर्षं स्पेनच्या मासेमारी बोटींवर होता, हे तुम्हाला आठवत असेल. (तुमच्याशी नाचायला यायचा आणि बूट तुडवायचा तो.) नेरेआ रांगेतून गेली, हात दिले, आणि शेवटच्या खुर्चीवर मॅटीची बहीण हनोरा बसली होती. शहाऐंशी वर्षांची, डोळे जवळपास गेलेले. तिने जो हात धरला तो सोडेचना. "ये बाई, बस माझ्यापाशी," म्हणाली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ओढून बसवलं. पोरीला वाटलं इथली रीतच असेल. आणि आमच्या लोकांना तुम्ही ओळखताच. ओळीत जो बसलाय तो घरचा, त्याचा हात हातात घ्यायचा. पुढचे दोन तास अख्ख्या कॅरिगबेगने नेरेआचं सांत्वन केलं. तिनेही कोणाला निराश केलं नाही. प्रत्येकाला "आलात, बरं वाटलं" म्हणाली आणि खालमानेने रडलीसुद्धा. (नंतर मी विचारलं, का रडलीस? तर म्हणे, एवढी माणसं इतक्या मायेने बोलली, मी काय करणार.) रात्रीच्या आत बेकरीत ठरलं की हनुवटी मॅटीचीच आहे.

दुसऱ्या दिवशी दारात कोलमन हजर. मॅटीचा पुतण्या. काकाचं घर आणि समुद्राकडचं शेत आपल्याला मिळणार म्हणून त्याने कुंपणाचे खांबही आणून टाकले होते.

"डिम्फना, आडवळणाने बोलत नाही. ती मुलगी काकांची कोण?"

"कोणी नाही."

"मग ओळीत कशी बसली?"

"तुझ्या आत्याने बसवली."

"आत्याला दिसत नाही."

"तरी बरोबर माणूस निवडलं."

मी अजून दोन टोले देणार होते, तेवढ्यात मागून नेरेआ आली. वन्सं, सहा आठवडे त्या पोरीने माझ्याशी सलग चार वाक्यं बोलली नव्हती. ती कोलमनच्या समोर उभी राहिली आणि तिने सुरुवात केली. "माझे वडील जिवंत आहेत. बिल्बाओत लोकांचे दात काढतात. तुमचं शेत मला नको. त्यात नुसते दगड आहेत, मी बघितलंय. पण तुमच्या आत्याचा हात बर्फासारखा होता. दोन तास! तुम्ही तिच्यापासून तीन खुर्च्यांवर होता. तुम्ही फोन बघत होता." क्रियापदं कुठल्या कुठे जाऊन पडली होती, पण नेम एकही चुकला नाही. कोलमनने पायपुसण्यावर बूट पुसले. मग मी त्याला चहा दिला, कारण दारात आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो, आणि त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

त्यानंतर दर गुरुवारी नेरेआ हनोराकडे जाऊ लागली. पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचून दाखवायची आणि हनोरा प्रत्येक मेलेल्याची कुळकथा सांगायची. असं इंग्रजी कुठल्या माडीवर मिळणार आहे? बोलता बोलता मुलीला भूतकाळ पक्का झाला, कारण हनोराकडे दुसरा काळच नव्हता. आणि मागच्या सोमवारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी, रेडिओवर हनोराचंच नाव आलं. झोपेतच गेली.

नेरेआने वही मिटली. वहीत काही लिहिलं नाही. काळा स्वेटर घालून आली आणि मला म्हणाली, "डिम्फनाकाकू, आज पाठ कशी आहे?" मी म्हटलं, पाठ बरी आहे. "जॅम?" जॅम नाही. तिने खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन पडलेलं. मग काय, मी कोट घातला.

रांगेतून दारापर्यंत गेले आणि माझे पाय थांबले. खोली तीच, वन्सं. खुर्च्यांची ओळ तीच. चौदा महिन्यांपूर्वी पहिल्या खुर्चीवर मी होते आणि साडेतीन तास सारं गाव माझा हात हातात घेऊन पुढे सरकत होतं. (पोस्टमन गेला की प्रत्येक दाराला आपलाच गेला असं वाटतं.) तेव्हापासून मी त्या दाराच्या आत गेले नव्हते. आता मागे वळावं असं मनात येतंय, तोच नेरेआने माझी बाही धरली आणि कानात म्हणाली, "काकू, एकच वाक्य आहे. हात पुढे करा, वाक्य म्हणा आणि पुढे सरका. मागे लोक खोळंबलेत." माझेच शब्द! माझ्याच आवाजात! मी हात पुढे केला. कोलमन बसला होता, फोन नव्हता. मी वाक्य म्हटलं. नंतर दोन सँडविच खाल्ली, हॅमची.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. परीक्षकांनी विषय दिला, 'नवी माणसं कुठे भेटतात?' बाकीच्या मुलांनी समुद्रकिनारा आणि फुटबॉल सांगितलं. आमच्या मुलीने वेळ संपल्याची घंटा वाजल्यावरही सात मिनिटं बोलून घेतलं आणि परीक्षकांपैकी एकाने खिशातून रुमाल काढला. पास झाली, वरच्या श्रेणीत. दाखल्याखाली शेरा आहे : बोलणं ओघवतं, शब्दसंग्रह विशिष्ट, निघताना उमेदवाराने परीक्षकांचं सांत्वन केलं. दाखला कॉलेजला पोचला, जागा पक्की झाली. मिस क्लोडा सगळं श्रेय स्वतःकडे घेते आहे. मी काही बोलले नाही, पण बेकरीत सांगून ठेवलंय.

बोक्याला आवरा, खुब्याला जपा. इकडची काळजी नसावी.

तुमची भावजय,
डिम्फना

ता. क. नेरेआ आता जेवताना स्वतः मीठ मागते, आणि बटाटे कमी शिजलेत हेही सांगते. माणसाला बोलायला शिकवण्याचा हा तोटा.

ता. क. दुसरा. मुलगी येत्या शनिवारी घरी निघतेय. डब्लिनहून सरळ विमान होतं, पण मी तिला बर्मिंगहॅमवरून जायला लावलंय. माझंही तिकीट काढलंय, तिच्या शेजारचं. तुमच्याकडे पाच दिवस राहिले तर चालेल का? (नाही म्हणायचं असेल तर हे पत्र पोचेपर्यंत उशीर झालेला असेल. मी पोस्टमनची बायको आहे, टपालाचे दिवस मला पाठ आहेत.)

ता. क. तिसरा. का येते ते सांगते. फेस्टी गेला त्या आठवड्यात तुम्ही खुबा मोडून इस्पितळात होता. माझे हात साडेतीन तास लोकांच्या हातांत होते. तुमचा तर पाठचा भाऊ गेला, वन्सं, आणि तुमच्यापुढून कोणी गेलं नाही. मीसुद्धा चौदा महिने तुम्हाला बोक्याचं आणि छपराचंच लिहीत आले. तेव्हा शनिवारी चारच्या सुमाराला दार उघडाल तेव्हा फक्त हात पुढे करा. वाक्य मला येतं. ऐन वेळी माझ्या तोंडून नाहीच निघालं, तर मुलगी बरोबर आहे, ती नीट म्हणते. आणि मागे रांग नसेल, त्यामुळे पुढे सरकायची घाई नाही.