लाल रबराचा गठ्ठा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दवाखान्यातला फोन एकशे बारा वेळा वाजला. मोजला मी — उद्या डॉक्टर म्हणाले की एवढं काय काम असतं, तर आकडा तयार असावा म्हणून. पण ते उलटंच बोलले. दुपारी बाहेर आले, खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले पेशंट पाहिले आणि म्हणाले, हाताखाली एक बाई घ्या, तुम्हीच निवडा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन जणी येऊन गेल्या. पहिलीने आधी जेवणाची सुट्टी किती ते विचारलं. दुसरीचा आवाज इतका बारीक, की समोर बसून मलाच ऐकू येईना, पेशंट काय कपाळ ऐकणार! तिसरी चाळिशीची, नीटनेटकी, हातात साधी पिशवीही नाही. काय काय येतं, असं विचारलं.

"मी बोलावलं की लोक येतात," म्हणाली.

आगाऊ वाटली. पण आमच्याकडे निम्मे पेशंट वेळ घेतात आणि फिरकतच नाहीत. तिलाच ठेवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवीचं टेबल लावायला जुनं कपाट हलवलं. आतली सगळी कार्डं बाहेर काढावी लागली. धुळीने शिंकून शिंकून जीव गेला.

नवीला पद्धत समजावून सांगायची राहिली. गेलेल्या माणसाच्या कार्डावर आम्ही तसं लिहीत नाही, डॉक्टरांना ते आवडत नाही. कार्ड लाल रबराच्या गठ्ठ्यात बांधायचं आणि कपाटात ठेवायचं. पिवळं रबर म्हणजे वर्षाच्या तपासणीला बोलवायचे पेशंट. आज पिवळी रबरं संपली, म्हणून टेबलावरच्या दोन्ही गठ्ठ्यांना, गेलेल्यांच्या आणि तपासणीच्याही, लालच लावली. माझ्या राहील लक्षात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवी दिवसभर फोनवर. मला कितीतरी दिवसांनी चहा गरम असताना प्यायला मिळाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं ठिकाणावर नाही. काल फोन करायला मी नवीला चुकीचा गठ्ठा दिला. चाळीस कार्डं, चाळीसच्या चाळीस गेलेली माणसं. सकाळी तिने गठ्ठा परत दिला तेव्हा वरचं कार्ड पाहून चूक कळली. कुणाच्या बायकोने फोन उचलला असेल, कुणाच्या आईने! कुणी रागावलं का, रडलं का, मी विचारलं. ती शांतपणे नाही म्हणाली. सहा जणांनी उचलला नाही. चौतीस जणांना वीस तारखेला, गुरुवारी दुपारची वेळ दिली आहे.

घरच्यांनीच ना हो म्हटलं, मी विचारलं.

"छे. ज्यांचं कार्ड, तेच बोलले."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वेळांची वही उघडली. वीस तारखेला, सव्वाचारच्या ओळीत माझा धाकटा भाऊ.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. आठ वर्षांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून तो आला. खोली माणसांनी भरलेली. बाईंनी भावासाठी रांग मोडली, असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याला परवाची वेळ दिली. तो हसला, गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी संपला. डॉक्टर म्हणतात तुमचा दोष नाही. आई होती तोवर तीही तेच म्हणायची. त्याला काय वाटलं, ते विचारायचं राहिलं. तेवढं एक विचारता आलं, तर मी सुटेन.

नवीला म्हटलं, हा काय बोलला?

"येतो म्हणाले. विचारत होते, बुटकी अजून तिथेच बसते का?"

बुटकी मला फक्त तोच म्हणायचा. या दवाखान्यात हे कुणालाच माहीत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ती सगळी नावं खोडा आणि त्या बाईला आजच्या आज घरी पाठवा. खोडायला बसलेही. पण तेहतीस नावं खोडून एक ठेवायचं कसं? आणि ते एक मला खोडवेना. डॉक्टरांनी विचारलं, गुरुवारी जागा आहे का? नाही म्हटलं, पूर्ण भरलाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोनपासून बाहेरचं दार सारखं उघडत होतं, मिटत होतं. आत कुणी येत नव्हतं. वाराही नव्हता.

वेळ न घेता तीन-चार पेशंट आले. खोलीभर रिकाम्या खुर्च्या, आणि ते भिंतीला टेकून उभे! एक आजोबा काठीवर भार देऊन उभे होते. त्यांना म्हटलं, बसा ना.

"बसतो की," ते म्हणाले, "कुणी उठलं की बसतो."

नवी एकेक नाव पुकारत होती. दर नावाला डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडायचं, लागायचं, आणि आतून त्यांचा रोजचाच आवाज — दीर्घ श्वास घ्या, सोडा. सव्वाचारला तिने वही माझ्याकडे सरकवली. हे नाव तुम्ही पुकारा, म्हणाली.

पुकारलं. कोपऱ्यातली खुर्ची करकरली. कुणीतरी येऊन माझ्या टेबलापाशी थांबलं. मला कळत होतं. आठ वर्षं घोकलेलं सगळं ओठांवर होतं. पण मान वर होईना. आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघालं — चला लवकर, मागे गर्दी आहे.

दार लागलं. तो परत बाहेर आलेला मला कळलाच नाही. मेलं माझं तोंड! रडून रडून डोळे सुजलेत.

जाताना डॉक्टर हात पुसत म्हणाले, आज फार पेशंट होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्याचं कार्ड टेबलावर. डॉक्टरांच्या अक्षरात कालची तारीख. त्याखाली — सोमवारी पुन्हा येणे. घरच्या माणसाला सोबत घेऊन.

त्याच्या घरचं आता मी एकटीच. नवीने माझ्यासमोर फोन न उचलताच विचारलं, त्यांना काय कळवू?

येते म्हटलं.