मोत्यांचा झगा आणि युस्तीनाचा बाप्तिस्मा

नझीरा, आधी तुझ्या नातीला ते फुगे उतरवायला सांग, मग तुला नमस्कार-चमत्कार. व्हेरेनाने सिडनीत बसून आपल्या लेकीच्या बाप्तिस्म्याचा फोटो फोनवर टाकला, तो इकडे इजिप्तात, मल्लावीत, माझ्या नातसुनेने पाहिला, आणि त्या दिवसापासून या घरात चूल पेटते ती केवळ माझ्या हट्टाने. काय तो फोटो! फुग्यांची सोनेरी कमान, तीन मजली केक (आमच्याकडे तेव्हा नाताळचा उपास, अंडं-लोणी बघायचीसुद्धा चोरी), आणि पोरीच्या अंगात असा झगा की त्याचं शेपूट संपेपर्यंत पाठचं भावंड जन्माला यावं. चार महिन्यांच्या जिवाला शेपूट कशाला? तिला अजून चालता येत नाही, मागून ते उचलणार कोण?

असो. धाकट्या बहिणीला थोरल्या गलीलाचे आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. नसतात तर फोन आला असता. तुझा रक्तदाब कसा आहे? माझा होता तिथेच आहे, मी डॉक्टर बदलला. नातू वगीह बरा आहे, म्हणजे गप्प आहे. त्याचे आईबाप कुवेतला नोकरीवर, तेव्हा त्याचं आणि त्याच्या बायकोचं, मीरेतचं, सगळं माझ्या डोक्यावर. (अक्षर लावून वाच. मी दोन यत्ता शिकले, त्यातली एक गोवराने खाल्ली.) मुख्य बातमी आधीच सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील: माझ्या पणतीचा, आमच्या युस्तीनाचा, बाप्तिस्मा झाला. परवाच्या रविवारी पोर तीनदा पाण्यात गेली, तीनदा वर आली आणि अशी काही बोंबलली की बाहेरची गाढवं गप्प झाली. त्या दुपारी मी झोपले, नझीरा. अगदी घोरत झोपले.

आता हे घडलं कसं ते ऐक. मुलगी झाली की आईने ऐंशी दिवस चर्चची पायरी चढायची नाही. आपण ते दिवस लंगोट धुण्यात आणि सासूच्या नावाने बोटं मोडण्यात काढले. आमच्या मीरेतने ते फोनवर काढले. लंगोट मी धुतले. तिला तिथे काय काय दिसे! कुणाचा नवरा भांडी घासतोय (हे पाहून ती वगीहकडे बघायची, वगीह माझ्याकडे बघायचा, मी भिंतीकडे). कुणाची बाळंतपणानंतर पंधरवड्यात सुतासारखी झालेली कंबर. आणि भक्तीसुद्धा, बरं का. कुण्या बाईचं पवित्र शास्त्र उघडलेलं, शेजारी फूल, शेजारी कॉफीचा कप, कपावर वाफ. वाफ निवायच्या आत फोटो काढायचा म्हटल्यावर बाई वाचणार कधी? पण मीरेत उसासा टाकून म्हणायची, ‘आजी, बघा ना, कशी प्रार्थना करते! माझी तर आमेनच्या आत पोर रडते.’ मी म्हटलं, ‘अगं, पोर रडते म्हणून तुझी प्रार्थना खरी. तिची काय, कॉफी पिऊन झाली की संपली.’

ऐंशी दिवस संपले. मी चर्चच्या तयारीला लागले, तर ही म्हणते इतक्यात नको, झगा नाही, हॉल नाही, व्हेरेनाताईंसारखं काहीच नाही.

‘अगं, पोरीला नागडी बुडवतात! झगा नाही बुडवत!’

‘मग फोटोत काय दिसेल, आजी?’

‘पोर दिसेल!’

यावर ती आत गेली आणि दार लावून बसली. दाराशी भांडण्यात मजा नसते, म्हणून मी परत आले.

मग मोठा उपास लागला. आमचे पाद्री अबूना मिसाईल, त्यांच्या बायकोने, आपल्या तासोनीने, बायकांच्या सभेत सांगितलं की यंदा तोंडाच्या उपासाबरोबर डोळ्यांचाही करा: दुसरीच्या घरात फोनमधून डोकावायचं नाही आणि आपलं तिच्याशी ताडून बघायचं नाही. बाई गुणाची आहे, पण आपल्या बायका ओळखत नाही. पुढच्याच गुरुवारच्या सभेत चढाओढ सुरू! एक म्हणाली, मी फक्त रविवारी बघते. दुसरी म्हणाली, मी रविवारीही नाही. तिसरीने सांगितलं की तिने फोन डाळीच्या डब्यात पुरलाय. आणि उम्म नादर, आमच्या समोरची, तिने आपला फोन पांढऱ्या फडक्यात बांधून मेरीमातेच्या तसबिरीखाली ठेवला आणि त्या गाठोड्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. (नवऱ्याच्या फोनवरून.) मीरेत बिचारी घरी येऊन रडली, की डोळ्यांच्या उपासातही आपणच मागे. मी कपाळावर हात मारून घेतला. डोंगरावर पळालं तरी ही खोड चपलेत बसून बरोबर येते.

त्यातच पोरीला ताप भरला. हसू नकोस, इथे हसण्यासारखं नाही. पोर तव्यासारखी तापलेली, डोळे फिरवते, आणि बाप्तिस्मा झालेला नाही. मी वगीहला म्हटलं, गुंडाळ तिला, आत्ताच्या आत्ता अबूनांकडे चल. मीरेतचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिने धावत शाल आणली. पण डॉक्टरच्या औषधाने दुपारी ताप उतरला, आणि ताप उतरला तसा झगा पुन्हा चढला. मी सांगून टाकलं: ‘तनासीरच्या रविवारी गावची सगळी पोरं पाण्यात जातात, त्यांच्यात हीही जाणार. तो चुकला की दुःखसप्ताह, मग ईस्टरनंतरचे पन्नास दिवस. तोवर आमचे अबूना कुणाला बुडवत नाहीत, आणि तोवर मी झोपायची नाही.’ ती कबूल झाली, पण एका अटीवर: झगा कैरोहून येईल. शनिवारी आला. अस्सल नाकापेक्षा मोती जड. पुढून मोती, मागून मोती, आत तारा. टेबलावर ठेवला तर आपला आपण उभा राहिला. आत पोर नसली तरी त्याचं काही अडत नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये ही गर्दी. मीरेतची आई तिला मिठी मारायची सोडून झग्यालाच बिलगली. आयांनी लेकरं काखेत घेतली आणि सैतानाला धुडकावायला पश्चिमेकडे तोंडं केली. पश्चिमेला, भिंतीला टेकून, मी उभी. नातसुनेने माझ्या डोळ्यांत डोळे घालून सैतान, त्याची सगळी दुष्ट कामं आणि त्याचं सगळं कपट अशा काही जोरात नाकारलं की अबूनांनीही वळून पाहिलं. मी हलले नाही. म्हटलं, होऊ दे मन मोकळं.

मग पाणी झालं, मग मैरूनचं पवित्र तेल. कपाळापासून तळव्यांपर्यंत पोर तेलाने चमकत होती, धरली तर साबणासारखी निसटेल अशी. मीरेतने पिशवीतून झगा काढला आणि तशीच थांबली. मला वाटलं, हिला भोवळ आली. ‘आजी,’ ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘हा भाड्याचा आहे.’

आता तुला समजावायला नको. मैरून लागलेलं कापड घरीच धुवायचं आणि ते पाणी नाईलमध्ये नाहीतर झाडाच्या मुळाशी ओतायचं. गटारात थेंब जाता कामा नये. हा झगा तर उद्या कैरोच्या दुकानात परत जाणार, तिथल्या यंत्रात, आणि त्यावर चिठ्ठी की पाणी लावू नये! इतके दिवस झग्याचा घोर, पण पोरीच्या अंगाला तेल असणार हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, हे तुझ्यापाशीच ठेव. उम्म नादर मागून कुजबुजली, ‘घाल गं, कैरोत कुणाला काय कळतंय? फोटो तरी होईल.’

पोर गारठून थरथरत होती. आली ते कपडे रंगीत, पाण्यानंतर घालायचं पांढरं, आणि बरोबर दुसरा पांढरा कपडा नव्हता. मीरेतने एकदा झग्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि झगा माझ्या अंगावर फेकला. ‘धरा हा, आजी!’ मग मागच्या रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाली, ‘बायांनो, कुणाकडे काही जादा आहे का?’

अगं, पिशव्या अशा उघडल्या! चुन्याच्या खाणीवरच्या मजुराच्या बायकोने बंडी दिली. कुणी टोपडं दिलं, कुणी मुलाची विजार. बाप्तिस्म्यानंतर पोरांच्या कमरेला बांधतात ती लाल फीत एकीने दातांनी तोडून अर्धी दिली. उम्म नादरने, खोटं कशाला बोलू, स्वतःच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला. फीत सोडली तर सगळं पांढरं होतं एवढं खरं. काही दुधासारखं, काही जुन्या दातासारखं. पोर दिसत होती शेतातल्या बुजगावण्यासारखी. मीरेतने तिला वर उचलली, नीट पाहिली आणि जी हसत सुटली! बाळंतपणानंतर तिला इतकी हसताना मी पाहिली नव्हती. संध्याकाळी तिने तो फोन आपणहून माझ्या हातात दिला: ‘ईस्टरपर्यंत ठेवा. मागितला तरी देऊ नका.’ दोनदा मागितला, दिला नाही. पोरीला ताप नाही. तिचे ते उसने कपडे घरी धुतले आणि पाणी मी स्वतः नाईलवर नेऊन ओतलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

सगळ्यांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझी थोरली,
गलीला

ता. क. फोटो मीरेतने टाकला नाही. उम्म नादरने टाकला, मी सांगितलं म्हणून. त्यात मी बरी दिसते. तुमच्या तिकडच्या बायका काय म्हणाल्या?

ता. क. पुन्हा. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. काल तो फोन माझ्या हातात असताना वाजला. व्हेरेना होती. मला वाटलं फुशारकी मारेल. पण पोरगी रडत होती. म्हणाली, ‘आजी, तुमच्या फोटोत युस्तीनाला किती हात धरून आहेत! माझ्याकडे नवरा होता आणि पैसे देऊन आणलेला फोटोवाला.’ मी विचारलं, ‘आणि तुझी आजी?’ तू तर मला सांगितलंस की पणतीला पाण्यातून तूच हातात घेतलीस. नझीरा, तू गेलीच नव्हतीस म्हणे. पोरीला तुझ्या-माझ्या आईचं नाव दिलं नाही, क्लोई ठेवलं, म्हणून घरात रुसून बसलीस. व्हेरेनाची आई देवाघरी. तिच्या शेजारी उभं राहायला तुझ्याशिवाय कोण आहे? नाव वाईट आहे, मान्य. तरी पणती आपली आहे. हे पत्र मिळेल त्या दिवशी ऊठ, जा, आणि पोरीला मांडीवर घे. तू गेलीस की नाही हे व्हेरेनाने लिहायचं, स्वतःच्या हाताने, कागदावर. तू लिहू नकोस. तुझं पाकीट मी उघडणार नाही.