तारेचा इंटरकॉम

बाबा,

गुरुवारी पार्सल आलं. त्यात निघालं ते असं : मोटारसायकलवर पुढच्या-मागच्याने एकमेकांशी बोलायचा इंटरकॉम, तारेचा, एक संच, अकराशे पन्नास रुपये. हेल्मेटच्या आत कानाशी चिकटवायचे चपटे स्पीकर चार आणि तोंडापुढे येणारे माइक दोन, त्यातच. माइकला घालायच्या फोमच्या टोप्या दोन हव्या होत्या, एकच निघाली. माझं हेल्मेट आधीच घेतलं होतं, सहाशे चाळीस. पेन्सिल सेल चार, बत्तीस. पार्सलचे साठ. एकूण अठराशे ब्याऐंशी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, नवरा-बायकोला बोलायचंच आहे तर घरी बोला, फुकटात होतं. घरी फुकटात काय होतं ते आम्ही पाहिलंय.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही. पितृपक्षात पान वाढते, नमस्कार करते आणि उठते. आज संचासोबत आलेल्या माहितीच्या कागदाची मागची बाजू कोरी आहे, म्हणून त्यावर लिहिते आहे. विचारायचं एकच आहे. त्या दिवशी कशेळीच्या पुलाच्या अलीकडे आई मागून ओरडत होती, ते तुम्हाला ऐकू आलं होतं की नाही?

मी नववीत होते. कारखान्याच्या शेठची जुनी फटफटी तुम्ही घेतली होती आणि तिच्यावरून आपण ठाण्याला हळदीला निघालो होतो. सकाळी आहेरावरून तुमचं आणि आईचं वाजलं होतं. पुढे तुम्ही, मध्ये मी, मागे एका बाजूला पाय सोडून आई, मांडीवर आहेराची पिशवी. काल्हेर मागे पडलं, खाडीचा वास यायला लागला, आणि माझ्या खांद्यावरचा आईचा हात एकदम आवळला. "गारी थांबवा, पदर अरकलाय." मग पुन्हा, मोठ्याने. पदर मागच्या चाकात ओढला जात होता. मग नुसतं "अवो, अवो". मीही ओरडले. तुमची पाठ ताठ. गाडी तशीच चाललेली. मग माझ्या खांद्यावरचा हात गेला आणि मागची जागा रिकामी झाली, तेव्हा गाडी डुलली आणि तुम्ही मागे वळून पाहिलंत.

आईचा उजवा कोपर त्यानंतर कधी सरळ झाला नाही. भाकरी ती डाव्या हाताने थापायला शिकली. बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच सांगायची, "त्यांना आयकू आलतं. सकालचा राग हुता, मुद्दाम न्हाय थांबलं." तुम्ही तिथेच ओटीवर बसलेले असायचात. मान खाली. एकदाही म्हणाला नाहीत की असं नाही. ती पुन्हा तुमच्या गाडीवर बसली नाही आणि तुमच्या समोर तोंड करून बोललीही नाही. जेवताना चुलीकडे तोंड करून विचारायची, भात वाढू का. तुम्ही गप्प. ती म्हणायची, बघ, आताही उत्तर देत नाहीत. तुम्ही रिकाम्या ताटापुढे थोडं थांबायचात आणि हात धुवायला उठायचात. नऊ वर्षं हे असं चाललं. लग्न होईपर्यंत मी त्या दोन भिंतींच्या मधून आमटीचं भांडं घेऊन फिरत होते.

आता इंटरकॉम कशाला, ते सांगते. तुमचे जावई कापडाच्या लूमवर अठरा वर्षं काढून आता गोदामात सुपरवायझर आहेत. दर पौर्णिमेला आम्ही मोटारसायकलवरून वज्रेश्वरीला जातो. बावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने गाडीवर माझ्या एका शब्दाला उत्तर दिलेलं नाही. मी म्हणायचे, स्वभाव. मागल्या पौर्णिमेला अंबाडीच्या पुढे ट्रक उजवीकडून आत घुसला, मी ओरडले, डावीकडे घ्या. घेतली नाही. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी त्यांच्याशी भांडले. तेव्हा ते म्हणाले, "तू मागे बसून काहीतरी बोलत असतेस ते पाठीला कळतं. मला वाटतं, देवीचं स्तोत्र चाललंय. स्तोत्राच्या मध्ये कोण बोलणार?" म्हणजे बावीस वर्षं मी यांना खड्डे दाखवत होते आणि हे पुण्य घेत होते.

ठाण्याला दुकानात गेलो. दुकानदाराने आधी बिनतारी काढला, पाच हजाराच्या वरचा. याच्यात गाणी येतात, मोबाइल येतो, वगैरे. मी विचारलं, चार्ज किती वेळ करायचा? तीन तास म्हणाला. भिवंडीत सलग तीन तास वीज कधी असते ते मला सांगा, मग पैसे देते. तो हसला, पण म्हणाला, एकदा ऐकून तर बघा. यांना हेल्मेट घालून काउंटरशी बसवलं, तोंड भिंतीकडे. मी दुसरं घालून फुटपाथवर गेले आणि म्हटलं, ऐकू येतंय का? मला यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. यांनी मान हलवली नाही. दुकानदाराने स्पीकर बदलला. पुन्हा तेच. मग मला आत बोलावून तारेचा जुना नमुना होता तो लावला. त्याच्या तारेवर आवाजाचं छोटं चाक असतं. ते शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा माझा आवाज यांच्या हेल्मेटमधून बाहेर आला, शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं, आणि हे म्हणाले, हां, आता येतंय थोडं.

दुकानदार माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला. "भाभी, सेट दोनो ठीक है. साहब के कान दिखाओ."

मी यांच्याकडे पाहिलं तर ह्यांनी मान खाली घातली होती. अगदी तुमच्यासारखी. ओटीवर बसायचात तशी.

कानाच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, किती वर्षं लूमवर होतात? लूमच्या खडखडाटाने कान जातात, ती माणसं समोरच्याचं तोंड बघून बोलणं ओळखतात, म्हणाले, घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. पाठीमागून हाक मारली की मग कळतं. रिक्षाने घरी येताना माझ्या डोळ्यापुढे तुमचा कारखाना होता.

तुम्ही जॉबर होतात. बिघडलेला लूम आवाजावरून ओळखून लावून देणारा माणूस. मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही एकेका लूमच्या सांगाड्यावर तळहात टेकवून डोळे मिटून उभे असायचात. मला वाटायचं, नमस्कार करताय. मी शाळेत सांगायचे, माझे बाबा मशीनच्याही पाया पडतात, दसऱ्याची वाट बघत नाहीत. नमस्कार कसला! कानाला कळत नव्हतं ते तुम्ही हाताने शोधत होतात. जॉबरचे कान गेले हे शेठला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी असतात, हे मला समजतं. शेठपासून लपवलंत, ठीक. पण ओटीवर काय शेठ बसला होता? बायको चारचौघांत म्हणते की नवऱ्याने मला मुद्दाम पाडलं, आणि तुम्ही ते ऐकून, नाही, ऐकून कसलं, तिच्या ओठांवर बघून गप्प राहता. बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटली, निर्दय म्हणवून घ्यायची वाटली नाही. ती तुमच्यामागे सात वर्षं जगली आणि तेच मनात धरून गेली. एक वाक्य होतं बाबा. "मला ऐकू येत नाही." एवढ्या एका वाक्यावर तिचं उरलेलं आयुष्य वेगळं गेलं असतं. आणि वर माझ्यासाठी स्थळ शोधलंत तेही लूमवरचंच. बघायच्या दिवशी तुम्ही आणि हे एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बसला होतात. मला वाटलं, जावई पसंत पडला.

यांना मी घरी आणून समोर बसवलं आणि म्हटलं, माझ्या आईचं झालं ते माझं होऊ देणार नाही, आजपासून जे ऐकू येत नाही ते तोंडाने सांगायचं. कानाच्या मशीनचं पुढे बघू, डॉक्टरांनी किंमत सांगितली ती ऐकून सध्या हात जोडलेत. इंटरकॉम तारेचाच सांगितला. दुकानात नवा नव्हता, म्हणून पार्सलने मागवला. त्याला सेल चालतात, विजेचं तोंड बघायला नको, आणि मुख्य म्हणजे आवाजाचं चाक माझ्या हातात राहतं. काल पडघ्यापर्यंत जाऊन आलो. फोमची एकच टोपी, ती माझ्या माइकला घातली, यांच्या माइकमध्ये नुसता वारा. मी म्हटलं, पुढे खड्डा आहे. उत्तर आलं, "दिसतोय. ओरडू नकोस." बावीस वर्षांत पहिल्यांदा मला हा माणूस ओरडू नकोस म्हणाला. मला इतकं हसू आलं की पडघ्याला उतरताना तार काढायची विसरले आणि यांची मान मागे खेचली गेली. शिव्या पण स्वच्छ ऐकू आल्या.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हिशेब अर्धा लिहून वही मिटायची मला सवय नाही.

आई पडली त्याच्या आधीच्या पावसाळ्यापासून मला ठाऊक होतं. तुम्ही मला सिनेमाला जाऊ दिलं नव्हतं, आणि मी तुमच्या पाठीमागे उभी राहून तुम्हाला वाईट बोलले. तुम्ही वळला नाहीत. मग मी रोज बोलायला लागले, काय वाटेल ते, तुमच्या पाठीला. मजा वाटायची. म्हणजे पाठीमागून तुम्हाला ऐकू येत नाही हे त्या फटफटीवर बसलेल्या तिघांत मला पक्कं माहीत होतं. मी मध्ये बसले होते. माझा हात तुमच्या पाठीपासून चार बोटांवर होता. गाडी चालवताना पाठीला हात लावायचा नाही, एकदा लावलास तर रस्त्यात उतरवीन, असं तुम्ही आदल्या महिन्यात दरडावलं होतं, म्हणून मी हात लावला नाही. ओरडले. ज्याला ऐकू येत नाही हे माहीत आहे त्याच्या पाठीला ओरडले. नंतर आई म्हणाली, मुद्दाम थांबले नाहीत, तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग तू हात का नाही लावलास? म्हणून मीही मान खाली घातली. तुम्ही गप्प बसलात नऊ वर्षं. मी सोळा.

पत्रावर घालायला पत्ता नाही. इंटरकॉमच्या खोक्यात, पावतीखाली ठेवते आहे. आई तिकडे भेटली असेल तर तिला समोर बसवा, तिच्याकडे तोंड करून बोलायला सांगा, आणि ऐकू येत नव्हतं हे तुमच्या तोंडाने सांगा. मुलीला माहीत होतं हेही सांगा, माझी बाजू घेऊ नका. मग ती काय म्हणाली ते, जसंच्या तसं, उलट टपाली कळवा.