लोणच्यावरची सहाण

जगतपुरा, जयपूर. मंगळवार, संध्याकाळ.

आज सकाळी पूजेला गंध उगाळलं नाही. रोज तेच तेच करून कंटाळलो होतो, म्हणून तयार गंधाची डबी आणली. वाचलेल्या वेळात काय केलं? मोबाइल बघत बसलो आणि आणखीच कंटाळलो. उगाळतानाच तर मन शांत व्हायचं, हे आता कळावं? दिवसभर स्वतःचा संताप येत राहिला.

घरी येऊन सहाण मागितली. बायको म्हणाली, "लोणच्यावर दाब म्हणून ठेवलीय. मतलब, तुम्हीच म्हणालात ना, आता नको?"

तिच्यावरच ओरडलो. चूक माझी, तरीही.

सहाण घासून धुतली. मोहरीचा वास जाईना.

"देवाला आज लोणच्याचं गंध लागणार वाटतं," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. डबी कचऱ्यात टाकली आणि त्याच सहाणेवर गंध उगाळून देवाला लावलं.